मी माहेरी पाठवलेली बाई

हे मी आजवर कुणापाशीच बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी नाही. सौंसरला आमच्या बैठकीत बाबांनी माझ्या सत्काराचा फोटो लावला आहे — आलेल्या-गेलेल्याला ते हौसेने दाखवतात, आणि मी चहा ठेवायच्या निमित्ताने आत निघून जाते. आईला वाटतं, पोरगी लाजते. लाजतेच. पण का, ते तिला कुठे ठाऊक आहे?

तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. वाचून तोंड कडू झालं तर पान उलटून टाका, मी परत बोलावणार नाही.

महाराष्ट्राच्या हद्दीला लागून, पण पलीकडच्या राज्यात आमचा पांढुर्णा जिल्हा नवा झाला तेव्हाची ही गोष्ट. मी तिथे आरोग्य खात्यात, कॉम्प्युटरवर. गावोगावच्या आशाताई गरोदर बायांची माहिती मोबाइलमध्ये भरायच्या, ती माझ्या पडद्यावर नकाशा होऊन यायची. जिच्या अंगात रक्त कमी, जिचा बीपी जास्त, जिची आधीची खेप अडली होती, तिच्या गावावर लाल ठिपका. ठिपके वाढले की सगळं गावच लाल. रोज सकाळी तपासणीची गाडी कुठे न्यायची, ते त्या ठिपक्यांवरून ठरायचं. आधी गाडी जायची ती रस्त्यालगतच्या गावांना, जिथे सरपंचाचं वजन असेल तिथे. नकाशा आला आणि आडबाजूच्या ढान्यांवर — पाच-पन्नास घरांच्या त्या वस्त्यांवर — पहिल्यांदा डॉक्टरीणबाई पोचली. हे काम चांगलं होतं. आज मला माझ्या तोंडाने ते म्हणायचा हक्क नाही, पण होतं. आणि तो नकाशा मीच बसवला होता. केवढा तोरा होता मला त्याचा!

आता माहेराचं सांगते. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, हे काही नवीन नाही. आणि आमच्या अर्ध्याअधिक सुनांची माहेरं महाराष्ट्रातली — नरखेड, काटोल, वरुड. सातव्या महिन्यात बाई तिकडे गेली की आमच्या हद्दीतून गेली, राज्यच बदललं. मग तिच्या नावापुढे ‘माहेरी, बाहेरगावी’ असं निवडायचं आणि ठिपका मावळायचा. योग्यच होतं. तिची काळजी तिकडच्यांनी घ्यायची.

पण त्यातली गंमत माझ्या लवकरच ध्यानात आली. एका क्लिकने ठिपका जातो, गाव लालचं पिवळं होतं, पिवळ्याचं हिरवं. ना गोळी, ना सलाइन, ना गाडीचं डिझेल — सुंठीवाचून खोकला गेला! महिनाअखेरीला जिल्ह्याची बैठक व्हायची, मोठ्या पडद्यावर नकाशा लागायचा आणि ज्याचा भाग लाल त्याला साहेब सगळ्यांदेखत सोलून काढायचे. एक भाग माझ्याकडेही होता, मग मी आधल्या दिवशी फोन करू लागले. अहो ताई, ती सातव्या महिन्यातली माहेरी गेली असेल ना आता? जाणारच असेल ना? समोरून नुसतं ‘हो’ आलं तरी मला पुरायचं. पुढेपुढे तर मी तेवढंही विचारलं नाही. पोटं इथेच होती, नकाशावर मी त्यांना वरुडला धाडत होते.

रेखाचं नाव आता घेते. एवढा वेळ टाळत होते, तुमच्या लक्षात आलंच असेल.

तिगावकडच्या एका ढान्यावरची. मी तिला कधी पाहिलं नाही. पहिलटकरीण, रक्त फारच कमी, ठिपका गडद लाल. तिथल्या आशा शोभाताई. त्या दिवशी दुपारी बैठक होती आणि माझ्या भागात हे एकच गाव लाल उरलं होतं. मी फोन लावला. शोभाताई म्हणाल्या, “हो मॅडम, रेखा माहेरी गेली.” आणि मग फोन तुटला.

असं मी साहेबांना सांगितलं. आत्ता तुम्हालाही तेच सांगून मोकळी होणार होते, बघा. इतकी सवय झाली आहे.

फोन तुटला नव्हता. शोभाताई पुढे बोलल्या, चांगल्या सावकाश बोलल्या. “पण मॅडम, तिचं माहेर इथंच हाय, चार घरं सोडून. मामाच्या पोराले देल्ली ना तिले, गावातल्या गावात. ते कुठं नाई गेली. पाय सुजून राहिले तिचे, गाडी पाठवा उद्या.”

मी म्हटलं, “बघते.” फोन ठेवला. आणि ‘माहेरी, बाहेरगावी’ निवडलं.

काय विचार केला असेल मी? खूपदा शोधलं. काहीच केला नव्हता, हेच खरं. माहेर म्हटलं की मला माझं आठवतं — सौंसरचं घर, डिंकाचे लाडू, आईचा तेलाचा हात, बाबा दवाखान्याच्या दारात रिक्षा घेऊन हजर. माहेरी आहे ना, मग काळजी घेतील की! चार घरं पलीकडच्या त्या माहेरात काय होतं, हे मला कुठून कळणार — असं म्हणायला छान वाटतं. पण कळत होतं. त्या दोन्ही घरांत पोटभर काही नाही, हे सांगणारा ठिपकाच तर मी पुसत होते. दुपारी नकाशा हिरवागार लागला आणि साहेब म्हणाले, बाकीच्यांनी यांच्याकडून शिका.

दुसऱ्या दिवशी गाडी तिकडे गेली नाही. त्यानंतरही नाही. कशी जाणार?

कळा सुरू झाल्यावर घरच्यांनी फोन केला, तेव्हा अँब्युलन्स जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला होती. संत्र्याच्या पिकअपमध्ये, क्रेट बाजूला सारून, तिला पांढुर्ण्याला आणलं. पोरगी झाली, पण रक्त थांबेना. नागपूरला हलवलं. वाटेत, महाराष्ट्राची हद्द लागल्यावर, रेखा गेली. म्हणजे शेवटी ती खरंच बाहेरगावी गेली. आमच्या नकाशावर तो मृत्यू आलाच नाही. गाव हिरवंच राहिलं.

तिच्या बापाने ऑफिसच्या पायरीवर बसून आरडाओरडा केला म्हणून चौकशी झाली. साहेबांनी विचारलं, बाई ढान्यावरच होती तर बाहेरगावी दाखवली कुणी? शोभाताई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. मी सांगितलं, यांनी मला फोनवर ‘माहेरी गेली’ एवढंच सांगितलं, पुढे आवाज गेला. आणि हे खोटं तरी कुठे होतं? ‘माहेरी गेली’ हे शब्द त्यांचेच होते. अर्धं वाक्य त्यांचं, अर्धं मी गिळलं. धड खोटं असतं तर कधीच उघडं पडलं असतं. शोभाताई गोंधळल्या. म्हणाल्या, “मी तं सांगतलं होतं साहेब... सांगतलंच असन.” त्या ‘असन’वर सगळं संपलं. त्यांचं काम गेलं. वड्याचं तेल वांग्यावर निघालं.

मला काय झालं? काही नाही. उलट वंचितांपर्यंत आरोग्य पोचवण्यात डेटाचा वापर, असल्या विषयावर मला भाषणाला बोलावू लागले. मी जाते. चांगलं बोलते. तो सत्काराचा फोटो अशाच एका कार्यक्रमातला आहे.

मागच्या संत्र्याच्या हंगामात पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर शोभाताई भेटल्या. मंडीत माल निवडायला जातात आता. मी तोंड फिरवणार तोच त्यांनी हाक मारली. राग नव्हता हो त्यांच्या बोलण्यात, तेच तर सहन होत नाही. रेखाची पोरगी चालायला लागली म्हणाल्या, आजीपाशी असते.

“मॅडम, एक इचारू? त्या दिवशी मी फोनवर पुरं बोललीच नसन काय? लय आठवून पाहते. कधी वाटते सांगतलं, कधी वाटते माह्या मनातच राह्यलं. तुमाले तं आठवत असन.”

बस लागली होती. कंडक्टर सौंसर-सौंसर ओरडत होता. त्या माझ्याकडे बघत होत्या — एक शब्द टाकायचा होता मला. तेवढ्याने त्यांचं काम परत आलं नसतं, रेखा आली नसती, पण निदान त्यांची झोप परत आली असती.

मी म्हटलं, “नाही बोललात, ताई. मला फक्त ‘माहेरी गेली’ एवढंच ऐकू आलं.”

त्यांनी मान हलवली. “मंग माहीच चूक व्हय,” म्हणाल्या, आणि पदराने तोंड पुसलं.

मी बसमध्ये चढले, खिडकीपाशी जागा मिळाली. तुम्हाला हे सगळं सांगितलं. त्यांना नाही.