तेवीस दिवस गैरहाजर

माह्या नवऱ्याचं, राजदीप रामटेकेचं, नाव काढलं का फुटबॉलच्या मैदानावरचे जुने लोक अजूनबी म्हणतात, "वा, काय स्टॉपर होता! गोलसमोरची जागा सोडत नव्हता." मले तं राग येते. लग्नाले चोवीस वर्सं झाले, अन् चोवीस वर्सं मी हेच ऐकून राहिली. मैदानावर जागा सोडत नाई, ते ठीक हाय. पण साऱ्याच ठिकाणी?

हे खूळ त्याहिच्या घरातूनच आलं. माहे सासरे जानराव भंडाऱ्याकडून भिलाईले आले अन् स्टील प्लांटच्या कोक ओव्हनमधी, म्हणजे कोळशाच्या भट्टीवर, लागले. तिथं पद्धत अशी का दुसऱ्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, येऊन उभा झाल्याबिगर पहिल्यानं मशीन सोडायची नाई. भट्टी काही घड्याळ पाहून थांबत नाई ना. एकदा रिलीव्हर आलाच नाई, तं सासरे सोळा घंटे उभे राहिले, अन् घरी येऊन आठ वर्सांच्या पोराले मोठ्या अभिमानानं सांगत बसले. पोराच्या डोक्यात ते जे बसलं ते आजवर निंगालं नाई.

खेळाडूच्या कोट्यातून हेबी प्लांटमधी लागले. मंग बिनपगारी सुट्टी काढून चार वर्सं गोव्याच्या एका क्लबात प्रोफेशनल खेळले. समोरचा फॉरवर्ड कितीबी नाचो, हे आपले जागच्या जागी. पेपरात फोटो गोल मारणाऱ्याचे. ह्याहिचा कधी आलाच, तं कोणाच्या तरी खांद्यामागून अर्धा कान. इंडियाच्या कॅम्पले तीनदा बोलावलं अन् तीनदा शेवटच्या यादीत नाव नाई. तिसऱ्या खेपेले मी रडली. हे म्हणे, "दुसरा चांगला होता वं." माय वं, आपल्या तोंडानं कोणी असं म्हणते का?

गुडघा गेला तवा प्लांटमधी परत आले, अन् ड्यूटीनंतर पोरीयले फुटबॉल शिकवाले लागले. परीक्षा देल्ल्या, कोचचं लायसन घेतलं. छेचाळिसाव्या वर्षी दिल्लीच्या फुटबॉल ऑफिसातून पत्र आलं. सतरा वर्सांखालच्या पोरीयची जी इंडियाची टीम, तिचे कोच! प्लांटनं आठ महिन्यांची सुट्टी देल्ली. निळी जर्सी घालून हे आरशासमोर उभे झाले अन् मले म्हणे, "पाठीमागून नीट दिसते का?" म्या म्हटलं, "आता समोरून पाहा, लय झालं मागं राहणं." त्या दिवशी मी खूश होती, खोटं कावून बोलू.

आठव्या महिन्यात दिल्लीच्या ऑफिसातले साहेब बदलले. आमची करिष्मा मोबाईल घेऊन स्वयंपाकघरात धावत आली, "मम्मी, पापा को हटा दिया!" बातमी अशी का नवा कोच परदेशातून येणार. म्या लगेच ह्याहिले टीमच्या कॅम्पवर फोन लावला. त्याहिलेबी टीमच्या पोरीयकडूनच कळलं होतं. पत्र नाई, फोन नाई, काहीच नाई.

"मंग या ना घरी," मी म्हटली. "पंधरा दिवसांत सुट्टी सरते तुमची."

"नवा माणूस आला का निंगतो. अठ्ठावीस पोरी हायत इथं, कोणाच्या भरवशावर सोडू?"

"ज्याहिनं तुमाले काढलं, त्याहिच्या भरवशावर!"

"रिलीव्हर आल्याबिगर कसा निंगू, संघमित्रा?"

तळपायाची आग मस्तकात गेली माह्या. अरे, ते काय कोक ओव्हन हाय का? पण सांगते कोणाले. सुट्टी सरली, हे आले नाईत. अन् हे काही पहिल्यांदा नव्हतं. एका टूर्नामेंटपाई उशिरा हजर झाले म्हणून आधी एकदा लेखी ताकीद भेटली होती. दुसऱ्या खेपेले नोकरीच जाऊ शकते, हे आमच्या घरात सगळ्याईले माहीत होतं. नोकरी गेली का क्वार्टर गेलं, करिष्माचं कॉलेज अर्ध्यावर. अन् हे तिकडे ना पत्र, ना हुद्दा, रोज सकाळी साडेपाचले पोरीयले घेऊन मैदानावर उभे. मी रोज फोनवर भांडो. हे रोज ऐकून घेत अन् म्हणत, "उद्या येईल नवा कोच."

त्याहिचे फोरमन भैयालाल एक दिवस घरी आले. बिचारे दारातच उभे. "वहिनी, 'येऊन राहिला, येऊन राहिला' असं मी आखीन किती दिवस सांगू?" म्या चहा ठेवला.

सुट्टी सरल्याच्या तेविसाव्या दिवशी नवा कोच आला. ह्याहिनं त्याले मैदान दाखवलं. कोणत्या पोरीचा घोटा दुखते, कोणती घरी फोन केल्यावर रडते, सारं समजावून सांगतलं, अन् सामानाच्या खोलीची किल्ली हातात देल्ली. सारं झाल्यावर त्यानं विचारलं, "पण आपण कोण?" हे मले हसत हसत सांगत होते. मले नाई आलं हसू.

प्लांटमधी चार्जशीट तयारच होती. चौकशीचे साहेब भले माणूस. म्हणे, "रामटेके, तिथं थांबा असा एखादा कागद दाखवा." नव्हता. "बरं, तुमाले काढलं असा?" तोबी नव्हता. कागदावर तेवीस दिवस हा माणूस कुठीच नव्हता! साहेब म्हणे, "सोमवारपर्यंत माफीनामा लिहून द्या, मी ताकीदीवर मिटवतो. नाई तं माह्या हातात काही राहणार नाई."

हे लिहाले तयार नाईत. "मी गैरहाजर नव्हतो." बस, एकच वाक्य. शुक्रवार, शनिवार भांडणात गेले. म्या समजावलं, ओरडली, जेवण सोडलं. त्याहिनंबी सोडलं. रविवारी संध्याकाळी माह्या तोंडातून निंगून गेलं, "अठ्ठावीस पोरीयसाठी तेवीस दिवस उभे राहिले ना? आता आपल्या एका पोरीसाठी बसून एक सही करा."

ह्याहिनं करिष्माच्या वहीतला एक कागद फाडून माह्यापुढं ठेवला. मंग म्हणाले, "लिही."

त्याहिचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून घरातले सारे अर्ज मलेच लिहा लागतात. म्या हिंदीत लिहिलं, 'मैं बिना सूचना अपनी ड्यूटी छोड़कर तेईस दिन अनुपस्थित रहा। यह मेरी गलती है।' त्याहिनं दोनदा वाचलं.

"ड्यूटी सोडून?" म्हणे.

"असंच लिहा लागते," मी म्हटली.

सही केली अन् पायात चपला घालून भाईर निंगून गेले.

नोकरी राहिली. क्वार्टर राहिलं, करिष्माचं कॉलेजबी. मले जे पाहिजे होतं ते सारं भेटलं. शेजारपाजारचे म्हणतात, संघमित्रानं घर वाचवलं. वाचवलंच. पण सारं आयुष्य जागेवर उभ्या राहिलेल्या माणसाच्या फाईलीत आता त्याच्याच सहीचा कागद हाय, का यानं ड्यूटी सोडली. अन् तो माह्या अक्षरात हाय.