साखळी वाजली पाहिजे

“किती गुमान चालतेय बघ आज सायकल,” थोरली म्हणाली.

दोघी जावा निम्मी वाट चालून आल्या होत्या. थोरलीच्या हातात हँडल, धाकटीच्या खांद्यावर भाजीची पिशवी, आणि सोबतीला मागच्या चाकाची टिकटिक. सायकल हातानं पुढे ढकलली की ते चाक रातकिड्यासारखं टिकटिकतंच. सायकलच्या दुकानातून निघाल्यापासून ते क्षणभरही गप्प बसलं नव्हतं. धाकटीला वाटलं, ताई थट्टा करताहेत. तिनं हसून वर पाहिलं. थोरलीच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती, समाधान होतं. धाकटीचं हसू ओठातच राहिलं.

सायकल शर्यतीत उतरणाऱ्या एका मुलीची होती. तिच्या साखळीला थोरलीनं मागच्या आठवड्यात मेण लावून दिलं होतं, आणि चार दिवसांत साखळी कुरकुरायला लागली होती. “काकू, मेण धरलंच नाही,” दुकानदार म्हणाला होता. “परवा पोरीची शर्यत आहे. एवढी नीट करून द्या. नाहीतर पुढची कामं मला दुसरीकडे द्यावी लागतील. मलाही गिऱ्हाइकाला तोंड दाखवायचं असतं.” बिचारा वाईट माणूस नव्हता. बोलताना खाली मान घालून हातातला पाना पुसत राहिला.

“धरलं नाही म्हणजे आत तेल राहिलं,” थोरली एवढंच म्हणाली. “पण मी तर वाजवून बघितली होती.” मग साखळी बसवून, फिरवून बघता यावी म्हणून तिनं आख्खी सायकलच घरी न्यायला मागून घेतली.

थोरलीचं हे साखळीचं वेड सुरू झालं ते तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे धाकटीच्या मोठ्या दिरांच्या, पँटीपासून. लग्न होऊन आली तेव्हा दीर सायकलनं कचेरीत जायचे आणि रोज उजव्या पायावर काळं वंगण घेऊन यायचे. साबण झाला, सोडा झाला, लिंबू झालं. एक दिवस धुणं तसंच बादलीत टाकून ती दुकानात गेली आणि विचारलं, “डाग निघायचं सोडा हो, डाग पडणारच नाही असं काही आहे का?” दुकानदार म्हणाला, आहे. साखळीला तेलाऐवजी मेण लावायचं. कोरडं राहतं, हाताला काळं लागत नाही. पण त्याचा कुटाणा फार, म्हणून कुणी करत नाही.

कुटाणा म्हटलं की थोरलीला हुरूप. नवी कोरी साखळी आणली, पुडक्यातून काढली आणि थेट वितळलेल्या मेणात बुडवली. नवी आहे म्हणजे स्वच्छच असणार, असं तिचं गणित. दोन दिवसांत मेणाचे पापुद्रे गळाले, आणि दीर घरी येताहेत हे साखळीच्या कुरकुरीनं गल्लीच्या तोंडापासून सगळ्यांना कळू लागलं. तेव्हा तिला समजलं, की नव्या साखळीच्या सांध्यासांध्यात कारखान्याचं तेल मुरलेलं असतं. ते शेवटच्या थेंबापर्यंत उतरल्याशिवाय मेण आत शिरत नाही. हे जमल्यावर दुकानदार गिऱ्हाइकांच्या साखळ्याही तिच्याकडेच पाठवू लागला.

पुढे धाकटी सून घरात आली तेव्हा हाच धडा तिला हसत हसत मिळाला होता. “तुलाही माहेरचं तेल आहे गं धाकटे. उतरेल हळूहळू. पण सगळं उतरवू नकोस हं, उघडं लोखंड गंजतं.” आणि धाकटी जरा रुळून उलट बोलायला लागली तेव्हा, “घ्या! कानामागून आली आणि तिखट झाली!”

तेल उतरलं की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. थोरलीची परीक्षा कानाची. धुऊन वाळवलेली साखळी ती कानाशी धरून हलवायची. आत तेलाचा अंश असला तर साखळी ओल्या वाळूसारखी बद्द वाजते; कोरडी ठणठणीत असली तर बारीक घुंगरांसारखी छनछनते. आणि थोरलीचा कान म्हणजे घरात दाखला द्यायची गोष्ट. दूध उतू जाणार हे तिला अंगणातून कळायचं. जिन्यावरच्या पावलांवरून कोण आलंय आणि कुठल्या मूडमध्ये आलंय, दोन्ही सांगायची. तिच्या हाताखालून गेलेली साखळी कधी परत आली नव्हती. ही पहिली.

नाल्यावरच्या पुलाशी थोरली थांबली. “जरा फिरवून बघू.” तिनं सीट धरून मागचं चाक उचललं आणि धाकटीनं पायडल हातानं फिरवलं. चिमणीच्या पिलांनी चोची उघडाव्यात तशी साखळी चिवचिवली. पुलाच्या कठड्यावर बसलेल्या म्हाताऱ्यानं मान वळवून पाहिलं.

“येतोय आवाज?” थोरलीनं विचारलं.

“येतोय की.”

“हं. बारीकसा आहे,” थोरली म्हणाली आणि चाक खाली ठेवलं.

पुढच्या वळणावर मागून एक सायकलवाला घंटी वाजवत आला. एकदा, दोनदा, मग सलग. थोरली रस्त्याच्या मधोमध, आपल्याच विचारात. धाकटीनं दंडाला धरून तिला बाजूला ओढलं.

“अहो काकू, घंटी काय शोभेला लावलीय का आम्ही?” तो ओरडून पुढे गेला.

“बघितलंस? हल्लीची माणसं घंटीच वाजवत नाहीत,” थोरली म्हणाली.

धाकटीनं दंड सोडला नाही. देवा, मला चुकीचं वाटत असू दे, एवढंच ती घरापर्यंत मनात म्हणत राहिली.

घरी आल्यावर थोरलीनं पदर खोचला. जोडकडी दाबून साखळी सोडवली. आधी कढत पाण्यात बुडवून जुनं मेण उतरवलं. मग मागच्या पडवीत, शेगडीपासून लांब, साखळी बरणीत टाकली, वर रॉकेल ओतलं आणि झाकण लावून बरणी हलवायला घेतली. पहिलं रॉकेल काजळासारखं काळं निघालं. दुसरं चहासारखं. पुढचं बरंच निवळ. मग दुसऱ्या स्वच्छ बरणीत स्पिरिट, कारण रॉकेलचा स्वतःचाच एक पातळ थर मागे राहतो, तो स्पिरिटनं पुसायचा. यात तिचे हात कुठेही अडखळले नाहीत. धाकटी बाजूला बसून बघत होती. या बाईला कामात बघणं तिला नेहमीच आवडायचं. सासरच्या पहिल्या वर्षी रडू आलं की ती इथेच येऊन बसायची.

साखळी खिळ्याला टांगली, वाळली. चांदीसारखी लखलखीत दिसत होती. थोरलीनं ती हातमोजे घालून उचलली, उजव्या कानाशी नेली, हलवली. मग डाव्या कानाशी. मग परत उजव्या.

“वाजतेय ना गं?” अगदी सहज विचारावं तसं तिनं विचारलं.

साखळी बद्द वाजत होती. ओली वाळू.

आत शेगडीवर, पाण्यात ठेवलेल्या भांड्यात मेण वितळून तयार होतं. नाही म्हणावं तर ज्या कानांवर हिनं मान ताठ ठेवली, ते गेले असं तोंडावर सांगण्यासारखं. हो म्हणावं तर परवा ऐन शर्यतीत ही साखळी बोंब मारणार, आणि दुकानदार पुन्हा या दाराशी येणार नाही. धाकटी भाजीच्या पिशवीकडे बघत म्हणाली, “वाजतेय की, ताई.”

थोरली आत गेली नाही. तिनं साखळी पुन्हा खिळ्याला टांगली आणि समोर पाटावर बसली.

“इकडे बघ.”

धाकटीनं बघितलं.

“हल्ली मी लोकांची तोंडं ऐकते,” थोरली म्हणाली. “तुझं तोंड नाही म्हणतंय.”

“ताई...”

“मागच्या आठवड्यात घरी कुणी नव्हतं. तोंड बघायला माणूसच नव्हतं. मला वाटलं वाजतेय, दिली बुडवून. उन्हाळ्यात एक दिवस पंख्याची घरघर थांबली. मला वाटलं ह्यांनी दुरुस्त केला. मग नळ ठिबकायचा थांबला, शेजारणीचं भांडण थांबलं. देवानं घर शांत केलं म्हणून मी हात जोडले गं! रोज जोडत होते.”

धाकटीला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. थोरलीच आधी हसली, म्हणून तिनंही हसून घेतलं.

“डॉक्टरांकडे जाऊ आपण,” धाकटी म्हणाली. मग आठवून, तिच्याकडे तोंड करून पुन्हा म्हणाली.

“जाऊ. यंत्र देतील, लावीन. त्यात कसली लाज? चष्मा लावतेच की.” थोरली उठली. “पण साखळी तोवर थांबायची नाही. उघडं लोखंड आहे, दमट हवा आहे, सकाळपर्यंत गंज धरेल. चल, स्पिरिट आण.”

या वेळी बरणी दोघींनी आळीपाळीनं हलवली. स्पिरिट अजूनही किंचित पिवळट निघालं. थोरलीनं ते उजेडात धरून बघितलं आणि स्वतःशीच मान हलवली. नवीन ओतलं, पुन्हा हलवलं. साखळी वाळली तेव्हा ऊन पडवीच्या पायरीवरून खाली उतरलं होतं.

थोरलीनं हातातले मोजे काढून धाकटीच्या हातात घातले, बोट न् बोट नीट बसवलं, लहान मुलीला घालावेत तसे. मग साखळी तिच्याकडे दिली आणि मुद्दाम पाठ फिरवून आतल्या शेगडीकडे तोंड करून उभी राहिली.

“आता कानाशी धर,” ती म्हणाली. “हलव. आणि वाजली तरच माझ्या पाठीवर थाप मार, नाही वाजली तर मारू नकोस. आज, आणि पुढेही. मला बरं वाटावं म्हणून कधी थाप मारू नकोस, एवढं माझं ऐक.”