श्वास सोडा, बाई

देवाशी माझं भांडण झालं होतं, हे आधीच सांगून टाकते. नातू जन्मला त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी टेकडीच्या गणपतीसमोर उभी राहिले आणि मनातल्या मनात त्याला चांगलं फैलावर घेतलं. इतकी वर्षं पहाटे पाचला उठते, चहाच्या आधी प्राणायाम करते, अर्ध्या वस्तीच्या कंबरा सरळ केल्या, आणि माझ्याच लेकीवर ही वेळ? देवापुढे असं तोंड वर करून बोलायची माझी सवय नाही. त्या दिवशी बोलले, आणि पाया न पडताच बाहेर आले.

शाळेत मी पीटीची बाई होते. निवृत्तीनंतर नगराच्या समाजभवनात योगवर्ग सुरू केला. माझ्या वर्गात शिस्त फार. आसनात कोणाचा गुडघा वाकला की माझी टिचकी बसलीच. साठी ओलांडली तरी माझं पश्चिमोत्तानासन विशीतल्या मुलीला लाजवेल असं आहे, हे दुसरं कोणी सांगत नसे म्हणून मीच सगळ्यांना सांगायचे. नव्या लोकांकडून अष्टांगांची नावंही पाठ करून घ्यायचे. नियमांमध्ये शेवटी ईश्वरप्रणिधान यायचं. ‘म्हणजे सगळं ईश्वरावर सोपवणं,’ असं एका दमात सांगून मी लगेच ताडासनाकडे वळत असे. आसन दिसतं, त्याला शाबासकी मिळते. मनानं काही सोपवलं तर ते कोणाला दिसणार? आमचे हे गेले तेव्हा तेरावं आटोपल्याच्या दुसऱ्या दिवशी मी वर्गावर हजर होते. लोक म्हणाले, बाईंचा केवढा संयम! मलाही तसंच वाटलं. रडू गिळून टाकण्यालाच मी संयम समजत होते.

तर माझ्या लेकीला आठवा महिना नुकताच लागला होता. एकाएकी तिचं बीपी इतकं चढलं की डॉक्टरांनी तातडीनं ऑपरेशन केलं. ती खालच्या मजल्यावर अतिदक्षता विभागात आणि बाळ वरच्या मजल्यावर, नवजात बाळांच्या काचेच्या खोलीत, चार नंबरच्या पेटीत. दीड किलोही भरला नव्हता बिचारा. पण खरी काळजी वजनाची नव्हती. इतक्या लवकर आलेली बाळं मधूनच श्वास घ्यायचं विसरतात, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मग यंत्र वाजतं, सिस्टर धावत येऊन तळपायाला टिचकी मारतात आणि बाळाला पुन्हा आठवतं. आमचा गडी दिवसातून कितीतरी वेळा विसरत होता. असंच चालू राहिलं तर श्वासाचं मशीन लावावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. त्याआधी एक उपाय होता. घरातल्या कोणीतरी बाळाला उघड्या छातीशी धरून तासन्‌तास बसायचं. त्या उबेनं आणि मोठ्या माणसाच्या श्वासाच्या हालचालीनं बाळाचा श्वास मार्गी लागतो म्हणे. लेक पलंगावरून उठू शकत नव्हती, जावई सटासट शिंकत होता, त्याला आत बंदी. उरले मी.

खरं सांगते, मला आतून बरंच वाटलं. श्वासाचं काम आणि तेही माझ्याकडे! इथे माझ्यापेक्षा लायक कोण? मागून गाठी बांधायचा दवाखान्याचा गाऊन मी उलटा घालून पुढून मोकळा ठेवला, पाठ ताठ करून बसले. सिस्टरनी तो इवलासा जीव माझ्या छातीवर ठेवला, वरून मऊ कापडाचा रुंद पट्टा बांधला आणि मी माझा नेहमीचा मोजून घेतलेला प्राणायाम सुरू केला. चार अंक पूरक, सोळा अंक श्वास रोखून कुंभक, आठ रेचक. दुसऱ्याच आवर्तनाला यंत्र वाजलं. टिचकी. मी आणखी ताठ झाले, आणखी काटेकोर मोजू लागले. पुन्हा वाजलं. “आजी, तुम्ही टेन्शनमध्ये दिसून राहिल्या. उद्या बघू,” असं म्हणत सिस्टरनी बाळाला अलगद उचलून पेटीत ठेवलं. मी टेन्शनमध्ये! हजार माणसांना शवासन शिकवलेली मी! अपमान इतका झोंबला की बाळाची काळजी दोन मिनिटं मागे पडली, आणि ते लक्षात आल्यावर स्वतःची लाज वाटली. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गणपतीशी भांडून आले, ते हे सगळं पोटात घेऊन.

काचेच्या खोलीबाहेर भिंतीला टेकून एक बाई रोज बसायची. साधारण माझ्याच वयाची, काटक, निळं लुगडं. पाच नंबरच्या पेटीतला नातू तिचा. सून तापानं फणफणलेली, मुलगा औषधांच्या धावपळीत. तिचं नाव गिरजाबाई, राहणार भिवापूरची. तिथे मिरचीचे सातरे असतात. लाल मिरचीचे ढीग घालून बाया दिवसभर देठ तोडत बसतात. तीस वर्षं तिनं तेच काम केलं होतं. पाठीला पोक, मांडी अशी अघळपघळ की माझ्या वर्गात मी पहिल्या मिनिटाला तिला सरळ केलं असतं. पण तीन दिवसांत मी तिला एकदाही चुळबुळ करताना पाहिलं नव्हतं. मी मात्र त्या व्हरांड्यात इतक्या येरझारा घातल्या होत्या की सफाईवाल्या बाईनं मला कोपऱ्यात उभं राहायला सांगितलं होतं.

देवळातून येऊन मी तिच्याशेजारी बसले, तेव्हा तिनंच विषय काढला.

“काल काचेतून पाह्यलं म्या तुमाले. लेकरू छातीवर अन् तुमी श्वास धरून बसल्या. काहून?”

मी जरा घुश्शातच म्हटलं, “प्राणायाम करत होते. मी योग शिकवते.”

“शिकवा ना बापा, कोण नाई म्हणते! पण लेकराले आधीच श्वास घ्याचं समजून नाही राहिलं. ज्याच्या अंगावर निजलं त्यानंच श्वास धरला, तर त्यानं शिकावं कोणापासून?”

वर्गात मला असं कोणी विचारलं असतं तर मी त्याला चार वाक्यांत गप्प केलं असतं. इथे मी तिच्याकडे आणखी जरा सरकून बसले.

मग ती आपली सहज सांगू लागली. “सातऱ्यावर पयल्या वर्षी ठसक्यानं जीव जात होता माह्या. जितका दाबो तितका वाढे. मंग म्हटलं, येऊ दे. एक मिरची घ्याची, देठ तोडाचा, टाकाची. दुसरी घ्याची. श्वास आला, आला. गेला, गेला. आमच्या बुद्धविहारात बी रविवारी असंच बसवते.” मी विचारलं, तेव्हा कोणाचं नाव घ्यायचं? ती हसली. “ते तुमचं तुमी पाहा. पयले श्वास सोडा, बाई.”

त्या दुपारी मी पुन्हा आत बसले. गिरजाबाईला सिस्टरनी पाच नंबरजवळच्या स्टुलावर बसू दिलं होतं. बाळ छातीवर आलं आणि सवयीनं माझी पाठ ताठ झाली, ओठांवर अंक आले. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं फक्त खांदे सैल सोडून दाखवले. मी खुर्चीत मागे टेकले, चक्क पोक काढून. अंक सोडून दिले. मनात म्हटलं, गणराया, सकाळी वाट्टेल ते बोलले. माझ्याकडचं सगळं ज्ञान काल वापरून झालं, आता माझ्याजवळ काही उरलं नाही. हा तुझा आहे, तूच बघ. एवढं म्हटलं आणि किती वर्षांचं तुंबलेलं रडू आलं. आवाज न करता नुसतं गालांवरून वाहत राहिलं, आणि मी ते पुसलंही नाही. श्वास आपला आपण येत होता, जात होता. कधीतरी माझ्या लक्षात आलं की माझ्या पोटाबरोबर ती चिमुकली पाठही वर होते आहे, खाली जाते आहे. किती वेळ गेला माहीत नाही. सिस्टर येऊन म्हणाल्या, दोन तास झाले आजी, एकदाही वाजलं नाही.

हे कसं झालं, याचा वाद मला घालायचा नाही. डॉक्टर म्हणाले की औषधही लागू पडलं असेल, आणि ते खरंच असेल. गणपती आणि औषध यांचं काही वाकडं आहे असं मला वाटत नाही.

मशीन लागलं नाही. त्या संध्याकाळी मी गिरजाबाईला विचारलं, तुम्ही का घेत नाही हो नातवाला? तिनं आपले हात पदराखाली ओढून घेतले. “बोटात तिखट मुरलं आहे बाई. घरी मोठ्या नातवाच्या डोळ्याले हात लागला तर घंटाभर रडते. एवढ्या कवळ्या कातड्याले कसा लावू?” सिस्टरला हे सांगायची तिला लाज वाटत होती, त्यांचा समज झालेला की आजी घाबरते. जिनं मला बसायला शिकवलं ती स्वतः तीन दिवस नातवाला छातीशी न घेता बसून होती! मला इतकं भरून आलं तिच्याबद्दल. मी तिला म्हटलं, अहो, यात हाताचं कामच काय? बाळाला सिस्टर ठेवतात, पट्टा बांधतात, आपण नुसतं असायचं. सिस्टरना मीच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, गाऊन घालून ती बसली आणि पाच नंबर तिच्या छातीवर गेला. दोन्ही हात तिनं खुर्चीच्या दांड्यांवर दूर ठेवले होते. तिच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मला कुठल्याच आसनात कधी जमलेलं नाही. मी तिला मनोमन नमस्कार केला.

आठव्या दिवशी माझ्या लेकीला चाकाच्या खुर्चीवरून वर आणलं. नातू माझ्या छातीवर गाढ झोपला होता. ती कितीतरी वेळ पाहत राहिली. “आई, सिस्टर म्हणून राहिल्या की तुझ्याजवळ हा एकदाही विसरत नाही. काय केलंस गं तू?”

“काही नाही गं,” मी म्हटलं, आणि ते अगदी खरं होतं.

मग पट्टा सुटला. इतके दिवस तो माझ्या श्वासावर श्वास घेत होता, त्यामुळे त्याला द्यायची वेळ आली तेव्हा माझे हात जरा घुटमळले. इथून पुढे तो माझ्याविना श्वास घेणार होता, आणि घ्यायलाच हवा होता. सिस्टरनी त्याला लेकीच्या छातीशी ठेवलं. त्यानं एकदा तोंड वेडंवाकडं केलं, उसासा टाकला आणि तिच्या लयीत झोपी गेला. माझी छाती एकदम गार पडली. “सांभाळ हं,” मी म्हटलं. लेकीला म्हटलं की त्याला, मला अजून ठाऊक नाही. मान मात्र लेकीनं हलवली.