कडावच्या शेतात प्रवाळांची तालीम

फील्ड कोर्स संपला की विद्यापीठाला रिपोर्ट पाठवावा लागतो. त्यात शेवटी 'आलेल्या अडचणी' असा एक रकाना असतो, जेमतेम दोन ओळींचा. यंदा मी तिथे 'विशेष नाही' असं लिहिलं. खऱ्या अडचणी दोन ओळींत मावत नाहीत, आणि मावल्या तरी वाचणाऱ्याला त्या खऱ्या वाटत नाहीत. त्या आपल्याजवळच साठत जातात. मग कोणी चहाला भेटलं की एकेक बाहेर काढायची.

आधी आमचं काम सांगते. मी कर्जतजवळच्या एका कॉलेजात भूविज्ञान शिकवते. प्रवाळांचा अभ्यास मी परदेशात केला. तिथे वसतिगृहापासून अर्ध्या तासावर प्रवाळांचं बेट होतं. परत येताना मनाशी पक्कं केलं होतं, की आपल्याकडच्या मुलांनीही जिवंत प्रवाळ पुस्तकात नाही, डोळ्यांनी बघायचा. म्हणून यंदा फेब्रुवारीत वीस मुलांना घेऊन कच्छच्या आखातातल्या एका बेटावर जायचं ठरलं.

गंमत अशी, की हे प्रवाळ ओहोटीला फार तर दोन तास उघडे पडतात. तेवढ्यात टेप सरळ अंथरायची, ठरलेल्या अंतरावर प्लास्टिक पाइपची चौकट ठेवायची आणि चौकटीत काय काय आहे ते लिहून घ्यायचं. तिथे टेपचा गुंता सोडवत बसलात तर समुद्र थांबत नाही!

म्हणून आधी कोरडी तालीम. नोव्हेंबरमध्ये, कडावला, कापणी झालेल्या भातशेतात, तीन दिवस. भाताची धसकटं म्हणजे प्रवाळ. त्यांच्यावर पाय पडता कामा नये. समुद्रावर वाऱ्यामुळे ऐकू येत नाही, म्हणून बोलायचंही नाही. सगळं हाताच्या खुणांनी.

आता हेच सगळं बांधावर उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेनं बघा.

* * *

पहिला संशय मात्र घरातूनच आला. आमच्या लॅबचे गायकरभाऊ कुंभिवलीचे. हायवेच्या कडेचं गाव, त्यामुळे मोजणीची माणसं त्यांनी लहानपणापासून पाहिलेली. मी टेप गाडीत ठेवायला सांगितली, तर ती त्यांनी टॉवेलात गुंडाळून आणली.

"मॅडम, आमच्याकडं आधी टेप आली, मग चुना आला, मग कंपाउंड आलं. तुमी निदान टेप तरी लपवून न्या!"

मी त्यांना दहा मिनिटं समजावलं. विज्ञान म्हणजे काय, लोकांना विश्वासात घेणं म्हणजे काय, आपण लपवाछपवी का करायची नाही. अगदी जीव तोडून बोलले.

गायकरभाऊंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कंपाउंडवालेपण असंच छान बोलायचे."

* * *

शेत मिळालं बाळाराममामाचं. हा माझ्या आईचा कडावचा चुलतभाऊ. शेत त्याचं आणि त्याच्या धाकट्या भावाचं, काशिनाथमामाचं, सामाईक. सातबारावर दोघांची नावं.

मी शेत मागायला गेले तेव्हा ओटीवर दोघंही होते. बाळाराममामा लगेच हो म्हणाला. काशिनाथमामानं आधी माझी चौकशी केली.

"तिकडची नोकरी गेली काय गं, बाय?"

"नाही मामा, मीच सोडली."

"लगीन मोडलं?"

"झालंच नाही."

"मग परत कशाला आलीस?"

"आपल्या मुलांना शिकवायला."

काशिनाथमामा उठून पायात चपला सरकवत म्हणाला, "नाय सांगायचं तर नको सांगू. मी काय जबरदस्ती करतोय?"

* * *

तालमीचा पहिला दिवस. वीस मुलं एका ओळीत, तोंड बंद, चवड्यांवर, धसकटं चुकवत चाललेली. मधेच एकानं मूठ वर केली की सगळे थांबायचे. दुसऱ्यानं बोट गोल फिरवलं की चौकट पुढे सरकायची.

तासाभरात बांधावर पंधरा-वीस माणसं जमली. आधी वाटलं, कौतुकानं बघतायत. मग वाऱ्यावर आवाज आले.

"मेलेल्या भाताला पाय लावत नाय रं ही!"

"धन हाय खाली. बोललं की ते सरकतं, म्हनून बोलत नाय."

"धन बिन काय नाय. मोजणीच हाय. पन सरकारी मोजणीवाला मोठ्यानं आकडा बोलतो. हे गप का हायत?"

शेवटी पोलीस पाटील आले. सभ्य माणूस. मी माझं ओळखपत्र दाखवलं, कॉलेजचं पत्र दाखवलं, वनखात्याची बेटावर जायची परवानगी दाखवली. पाटलांनी प्रत्येक शिक्का उन्हात धरून तपासला.

"सगळं खरं हाय," ते म्हणाले.

"मग झालं ना?"

"झालं कसं? एवढे खरे कागद घेऊन माणूस रिकाम्या शेतात येतो कशाला? संशय तर आत्ता आला!"

* * *

दुसऱ्या दिवशी मुलांना गावाजवळच्या ठाकुरवाडीला नेलं. बेटावर ठरावीक प्रवाळ दुसऱ्या दिवशी पुन्हा शोधून काढावे लागतात. त्याचा सराव म्हणून ओढ्यातल्या चाळीस दगडांवर पांढऱ्या रंगानं नंबर घातले. तिसऱ्या दिवशी सकाळी जाऊन ते शोधायचे.

सकाळी गेलो तर एकही नंबर नाही! मुलं ओढाभर फिरली. शेवटी एकानं सहज एक दगड उलटला. खाली सतरा नंबर. दुसरा उलटला, खाली पाच. चाळीसच्या चाळीस दगड कोणीतरी पालथे घालून ठेवले होते.

वरच्या अंगाला वाडीतल्या आंबीबाई सरपण बांधत होत्या. त्यांना विचारलं.

"मीच केलं," त्या म्हणाल्या. ना भीती, ना राग. "झाडावर नंबर पडला की झाड जातं. बघितलंय आम्ही. दगडाचं काय माहीत."

मी त्यांना समजावलं, की हे दगड कोणी नेणार नाही, हा नुसता अभ्यास आहे, दोन पावसांत रंग निघून जाईल.

"मग नंबर खालच्या अंगाला असला तर तुमचं काय बिघडतंय?" आंबीबाई म्हणाल्या.



* * *

आता माझी चूक. सगळ्या किस्स्यांची आई हीच.

ठाकुरवाडीहून परतताना मी ठरवलं, की हा संशय मुळापासून काढायचा. जिथे मी शिकले तिथे रीत होती, की लोकांच्या जागेत काम करायचं तर आपण काय करणार नाही ते लेखी द्यायचं आणि त्यांनी वाचल्याची सही घ्यायची. मला ही रीत फार आवडायची. मी त्याच दुपारी सोप्या मराठीत कागद तयार केला. 'आम्ही या गावातली कुठलीही जमीन घेणार नाही, कोणाला घेऊ देणार नाही, मोजमाप फक्त शिक्षणासाठी आहे.' खाली सह्यांसाठी वीस ओळी आखल्या.

संध्याकाळी देवळापुढे मोठ्यानं वाचून दाखवला. लोक ऐकत होते. एक-दोघांनी मानाही हलवल्या. मग मी पेन पुढे केलं.

देवळापुढचं पटांगण इतक्या लवकर रिकामं झालेलं मी कधी पाहिलं नाही!

उरले बाळाराममामा आणि काशिनाथमामा. काशिनाथमामानं कागद हातात घेतला, उलटा केला, मागची कोरी बाजू वाचल्यासारखी बघितली.

"ह्यात लिवलंय की जमीन घेणार नाय?"

"हो मामा."

"नाय घ्यायची, तर मग आमची सही कशाला?"

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाळाराममामा पुढे झाला. "बाय आपली हाय रं. तिचा अपमान नको." आणि त्यानं पहिल्या ओळीवर सही केली. वळणदार, सावकाश, पूर्ण नाव.

त्या संध्याकाळपासून काशिनाथमामा भावाशी बोललाच नाही.

* * *

पुरावे मग आपोआप जमत गेले. पहिला पुरावा वालाचा. भात निघालं की ओल आहे तोवर वाल पेरायचा, ही इथली रीत. आमच्या तालमीसाठी बाळाराममामानं पेरणी थांबवली आणि मागाहून ओल उडाली. सगळ्या शिवारात वाल हिरवागार, आणि मधे हा एक तुकडा उघडाबोडका!

"वाल नाय पेरला म्हणजे जमीन दिली," गावानं निकाल लावला.

जानेवारीत गेले तर शेताच्या मधोमध करवंदीच्या काट्यांची रांग. अलीकडे बाळाराम, पलीकडे काशिनाथ. बाळाराममामा ओटीवर एकटाच बसलेला. सणाला दोन घरांत दोन वेगळी जेवणं झाली, हे मामीनं आत चुलीपाशी सांगितलं.

मी तडक काशिनाथमामाकडे गेले. म्हटलं, मामा, सही त्या कागदावर आहे, तो माझ्याकडे आहे, फाडून टाकते हवा तर!

"फाडू नको. फाडलास तर अजून संशय येईल." तो सुपारी कातरत होता. "तू म्हनतेस समुद्रात मोजता. समुद्रात कुनी मोजतं? माझ्या डोळ्यांनी दिसलं तर मी सोता जाऊन दादाच्या पाया पडीन."

आमच्या परवान्यावर एका आचाऱ्याची जागा होती. गावजेवणाचा भात काशिनाथमामाच शिजवायचा. मी तिथल्या तिथे त्याचं नाव घातलं.

* * *

बेटावर जाताना होडीत काशिनाथमामा आमच्याकडे पाठ करून बसला होता. म्हणजे तोंड थेट होडी हाकणाऱ्या तांडेलाकडे. आमच्याशी बोलून उपयोग नाही, हे त्यानं ठरवूनच टाकलेलं.

"ये लोग मोजके क्या लेके जाता है?" त्यानं तांडेलाला विचारलं.

"कुछ नहीं चाचा. फोटो लेते हैं, बस."

"फोटोच तो पहिले लेता है!" काशिनाथमामा म्हणाला, आणि माझ्याकडे वळून मान हलवली.

मग ओहोटी लागली. पाणी मागे सरलं आणि पाण्याखालचं मैदान हळूहळू वर आलं. तपकिरी, हिरवे, मेंदूसारख्या घड्यांचे प्रवाळ. मुलं उतरली. तीन दिवसांची तालीम, पण पहिल्या दहा पावलांत चार जण घसरले. समुद्राचा चिखल वेगळा असतो.

काशिनाथमामा धोतर खोचून सरळ आत शिरला. लावणीच्या वेळी रोपांमधून टाकतात तशी पावलं टाकत, पायाच्या बोटांनी आधी जागा चाचपत. एकाही प्रवाळाला त्याचा पाय लागला नाही. मुलं आपापली कामं सोडून त्याच्या पायांकडे बघत राहिली. अर्ध्या तासात टेपचं पुढचं टोक त्याच्याच हातात होतं!

एका चौकटीपाशी तो वाकला. पाण्यातल्या प्रवाळाच्या बारीक बारीक तोंडांमधून केसांएवढे हात हलत होते.

"हे जितं हाय?"

"हो मामा. प्राणी आहे. लाखो एकत्र राहतात. एकमेकांना चिकटून."

"आनि भांडत नाय?"

"भांडतात. शेजारचा अंगावर आला तर रात्री डंख मारतात."

काशिनाथमामा पहिल्यांदा हसला. "मंग आपल्यातलाच हाय!"

मग तो सरळ झाला, हात धोतराला पुसले. "खरंच मोजता गं तुमी. आनि काय बी नेत नाय." घसा खाकरला. "दादाला फोन लाव. मी बोलतो."

वाळूच्या उंचवट्यावर एक कांडी रेंज होती. मी फोन लावला, स्पीकरवर टाकला. काशिनाथमामा शब्द जुळवत होता. तेवढ्यात पलीकडून बाळाराममामाचाच आवाज आला, आनंदानं फुललेला.

"बाय, पोचली गं तुजी दुसरी तुकडी! सकाळीच आली व्हती."

"कुठली तुकडी, मामा?"

"तुजीच की! ह्या येळेला सगळे मोठे व्हते, टोपीवाले. तीन पायाची मशीन आनलेली. गावानं बघ आता काय बी संशय घेतला नाय! पोलीस पाटलांनी सोता सगळ्या बांधांच्या खुना दाखवल्या. काशिनाथनं लावलेल्या काट्या मीच काढून दिल्या, त्यांची टेप अडकत व्हती. सगळ्यांना चहा पाजला."

मी वळून बघितलं. वीस मुलं. गायकरभाऊ एकवीस. सगळी इथे, बेटावर. मागे तांडेल हाका मारत होता, भरती लागली होती.

"आनि तुमच्यापेक्षा नीट काम हाय हां त्यांचं," बाळाराममामा म्हणाला. "जाताना पांढरा चुना टाकून गेले."

गायकरभाऊंनी डोळे मिटून घेतले.

काशिनाथमामानं फोन माझ्या हातातून घेतला. नोव्हेंबरपासून भावाशी एक शब्द न बोललेला माणूस. पाया पडतो म्हणणार होता. त्याऐवजी हळूच विचारलं, "दादा, सही केलीस काय?"

"काशिनाथ!" पलीकडे बाळाराममामा ओरडलाच. "बोललास बाबा! केली ना. त्यांनी आनलेला बायचाच कागद, तिला कशी नाय म्हनू? आनि तू काळजी करू नको. तू तिकडं तिच्यासंगं हायस, तर तुजी बी मीच केली!"