पत्रिकेतली पदवी

माझ्या लग्नाच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'बी.ई.' छापलं होतं. मी बी.ई. नाही. पहिल्याच वर्षी कॉलेज सोडलं आणि मिरकरवाड्यात बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या उस्तादांकडे उमेदवारीला राहिलो. सहा वर्षं. पण वडील शाळामास्तर. मुलाच्या नावापुढे काहीच नाही, याची त्यांना लाज. छापलं त्यांनी, गप्प बसलो मी. मलाही ते बरं वाटलं होतं, हे आज पहिल्यांदा कबूल करतो.

ती पत्रिका उस्तादांना मीच नेऊन दिली. त्यांनी ऑइलचे हात पुसले, वाचली.

"बी.ई.? मग माझ्याकडे काय रे करत होतास, टाइमपास?"

"वडलांनी छापलंय."

"आणि तू?"

लग्नाला ते आले नाहीत. त्यानंतर मी त्यांच्या गल्लीत वळलोच नाही. माझं वर्कशॉप झालं, हर्णैपासून मालवणपर्यंतच्या बोटवाल्यांचे फोन येऊ लागले, तरी नाही.

परवा मुलीच्या पत्रिकेचं प्रूफ आलं. मजकूर धाकट्या भावाने दिलेला. माझ्या नावापुढे पुन्हा तेच. मी काट मारली.

"दादा, राहू दे ना. सोयरे सगळे शिकलेले आहेत."

"मग मी कोण? अडाणी?"

मग मीच त्याला सांगितलं. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावली, की आत कुठलं बेअरिंग जाणार ते मला आधी कळतं. हे मला उस्तादांनी शिकवलं. सहा महिने नुसते पार्ट रॉकेलने धुवायला लावले, मग कान दिला. मी शिकलेलाच आहे. सोयऱ्यांना हे कमी वाटत असेल तर त्यांनी आत्ताच सांगावं.

नावापुढे 'बोट मेकॅनिक' छापून घेतलं. पहिली पत्रिका ग्रामदेवतेपुढे ठेवली, दुसरी घेऊन गाडीने त्या गल्लीत गेलो. उस्ताद ओट्यावर बसले होते. मी ओळख सांगितली.

"डोळे गेलेत, कान नाही," ते म्हणाले. "वाच."

वाचली. माझं नाव आलं, पुढचे दोन शब्दही वाचले.

"परत वाच."

परत वाचलं.

"येईन. पण तुझ्या गाडीचा बेल्ट ओरडत होता आत्ता. घरी जायच्या आधी बदल. मेकॅनिक म्हणे!"