बोअरची केबल आणि आईचा भोंगा

चकलांब्याच्या आमच्या घरात चोराने नेण्यासारखे काय आहे, असे कुणी मला विचारले असते तर मला पाच मिनिटे विचार करावा लागला असता. एक पितळेचे पातेले, दोन शेळ्या, ज्वारीची चार पोती आणि आई. शेळ्या आईशिवाय कुणाचे ऐकत नाहीत आणि आई कुणाचेच ऐकत नाही. तरीही त्या घराला मी चोरांचा अलार्म बसवला.

खरे कारण आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे लपवाछपवी नको. वडील गेल्यावर आई गावात एकटी राहू लागली. मी बीडला कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. संध्याकाळी क्लास घेतो आणि रविवारीही घेतो, कारण रविवारी पोरांना सुट्टी असते. आईला बीडच्या फ्लॅटवर ये म्हटले की ती म्हणायची, "वरबी मानसं, खालीबी मानसं, आन् मधी मी. मला न्हाई जमायचं." मग मी दर पंधरा दिवसांनी गावी जायचे असे ठरले. पंधरा दिवसांचा महिना झाला, महिन्याचे दोन झाले. त्यातच मोबाईलवर एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांच्या घरात चोर शिरल्याचे व्हिडिओ यायला लागले. ते बघून मला घाम फुटला. आपल्याला जाणे जमत नाही तर एखादे यंत्र पाठवावे, हा विचार मला इतका आवडला की दोन दिवस मी स्वतःवरच खूश होतो.

बीडच्या दुकानदाराने मोठ्या आपुलकीने सगळे काढून दाखवले. भिंतीवर लावायची एक पेटी, आत बॅटरी, म्हणजे लाईट गेली तरी चालू. दोन दारांना दोन चुंबक, छपराखाली एक भोंगा, आणि माणूस अडचणीत सापडले तर दाबायला एक लाल बटण. सगळे जोडायला त्याने पातळ पांढऱ्या केबलचे बंडल दिले. तिच्यात सहा बारीक तारा होत्या आणि त्यांच्याभोवती चांदीसारखा चमकणारा कागद गुंडाळलेला होता. "हीच वापरा सर. आन् मोटारीच्या वायरीपासून हातभर लांब ठेवा, न्हाईतर भोंगा उगंच बोंबलतोय," तो म्हणाला. मी हसलो. तारेजवळून तार नेली की एकीतला झटका दुसरीत कसा उतरतो, हे मी बावीस वर्षे फळ्यावर आकृती काढून शिकवत आलो आहे. मला हे दुकानदाराने सांगावे?

गावात वायरीला हात लावायचा मान एकाच माणसाचा, पाण्याच्या मोटारी भरणाऱ्या मिस्तरीचा. जळालेली मोटार उघडून तिच्यात नवी तांब्याची तार भरणे हा त्याचा धंदा. त्याच्या दुकानापुढे पंचक्रोशीतल्या मोटारी रांगेने पडलेल्या असतात. आमच्या अंगणात येऊन त्याने माझे बंडल दोन बोटांच्या चिमटीत धरले आणि जमलेल्या चौघांना दाखवले.

"सर, ही वायर हाय का सुतळी? उंदरानं नुसती बघितली तरी तुटंल."

चौघे हसले. तेवढ्यात आई गोठ्यात गेली आणि खुंटीवरचे काळे वेटोळे दोन्ही हातांनी ओढत घेऊन आली. आमच्या भागात बोअर आटते, मोटार विकली जाते आणि केबल घरात राहते. प्रत्येक गोठ्यात असे एक वेटोळे असतेच. त्याच्यावर धुणे वाळते, त्याने गाडीवरचा कडबा बांधतात, खाट विणतात. आमचे वेटोळे वडिलांच्या तिसऱ्या बोअरचे होते. बोटाएवढी जाड, चपटी, तीन तारांची केबल. विकत केबल आणणारा माणूस आमच्याकडे एक तर नवश्रीमंत समजला जातो किंवा खुळा.

"घरात एवढी वायर असताना इकत कावून आणली?" आईने विचारले. मग जरा थांबून म्हणाली, "त्यांची हाय ती. पानी तर न्हाई आलं तिच्यातून. निदान ह्या कामाला तरी येऊ दे."

"हिच्यावर पाच हॉर्सची मोटार पळालीय," मिस्तरीने पुस्ती जोडली. "तुमचा भोंगा म्हंजे काय चीज हाय?"

मी समजावायला लागलो. अलार्मच्या तारेतून फार थोडी वीज जाते, तिला जाडी लागत नाही, बाहेरचा झटका आत येऊ नये म्हणून तो चमकदार कागद लागतो. चौघांतल्या एकाने शांतपणे विचारले, "पर सर, जाड असल्यानं कधी काय वाईट झालंय का?" वर्गात असा प्रश्न आला असता तर मी तासभर बोललो असतो. इथे वडिलांची केबल होती, आईचा चेहरा होता आणि चार शेतकऱ्यांपुढे सुतळीची बाजू घेऊन मी उभा होतो. मी पांढरे बंडल बाजूला ठेवले.

खरी चूक त्याच्याही पुढची आहे आणि ती पूर्णपणे माझी आहे. आमच्या घरामागे विहीर आहे आणि तिच्या मोटारीचा स्टार्टर ओसरीत. स्टार्टरपासून मागच्या भिंतीपर्यंत वायरीचा पाईप आधीच गेलेला होता. मिस्तरीने त्याच पाईपात आमची केबल सारली. "पाईपात जागा हाय. दुसरा लावून भिंत कशाला फोडायची?" तो म्हणाला. मोटारीची वायर आणि अलार्मची केबल एकमेकींना चिकटून चाळीस फूट गेल्या. मी बघत होतो. मला कळत होते. पण चार वाजले होते आणि बीडची एसटी पाचला होती. मी म्हणालो, "बरं." त्या संध्याकाळी क्लासमध्ये मी काय शिकवले ते आता आठवत नाही, आणि आठवायची इच्छाही नाही.

जाताजाता बटणावरून वाद झाला. ती जाड केबल भिंतीवर वळेना. न्हाणीच्या दाराशी गुडघ्याइतक्या उंचीवर ती हट्ट करून थांबली. "जिथं केबल सरली तिथं बटन," मिस्तरीने निकाल दिला. मला ते फार गावठी वाटले. पुस्तिकेत बटण खांद्याच्या उंचीवर दाखवले होते. आणि दुकानदाराने दिलेली पांढरी केबल आईने अंगणात दोन खांबांना बांधून तिच्यावर धुणे वाळत घातले. बोअरच्या केबलवर अलार्म आणि अलार्मच्या केबलवर लुगडी, अशी आमच्या घरात अदलाबदल झाली.

चाचणीला बटण दाबले तर भोंग्याने असा आवाज काढला की दोन्ही शेळ्या दावे तोडून पळाल्या. आठ दिवस गावात एकच चर्चा होती. भोंगा लावलाय म्हणजे म्हातारीकडे जुने सोने असणार. जे भावकीतले लोक वडिलांच्या दहाव्यानंतर फिरकले नव्हते ते तब्येतीची चौकशी करायला आले आणि बोलता बोलता कोपरे बघून गेले. म्हणजे अलार्म लावेपर्यंत घराला चोरांची भीती नव्हती, ती मी आणून दिली.

नवव्या दिवशी आईचा फोन आला. मागे भोंगा किंचाळत होता.

"चोर आलाय का गं?" मी ओरडलो.

"न्हाई रे. थ्री फेज आलीय."

ज्यांना आमच्याकडची शेती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. घरातले दिवे वेगळ्या लाईटवर चालतात आणि शेतातल्या मोटारी थ्री फेजवर. ही थ्री फेज कधी येईल याचे वेळापत्रक असते, आणि ते वाचून ती येत नाही. ती आली की आमच्या विहिरीची मोटार आपोआप सुरू होई, मोटारीच्या वायरीतला झटका शेजारच्या केबलमध्ये उतरे आणि भोंगा बोंबलू लागे. फळ्यावरची माझी आकृती गावात प्रत्यक्ष सुरू झाली होती.

मला वाटले लोक शिव्या देतील. झाले उलटेच. लाईट आली का हे बघायला आतापर्यंत प्रत्येक घरातले एक माणूस स्टार्टरवरच्या दिव्याकडे डोळे लावून बसायचे. आता भोंगा वाजला की माणसे अर्धा चहा टाकून दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी फिरवायला, शेताकडे पळू लागली. बायका हंडे घेऊन निघू लागल्या. भिंतीपलीकडून कुणीतरी हाक मारायचे, "आत्याबाई, आली का?" आई इकडून ओरडायची, "आली, आली!" गावातला एकजण मला बीडच्या कोर्टाबाहेर भेटला. माझा हात धरून म्हणाला, "सर, लई चांगलं काम केलं तुमी. तेवढा भोंगा काढू नका बरं का." गावासाठी आपण काहीतरी केले या समाधानात मी दुरुस्ती पुढे ढकलली. तसेही गावी जायला सवड कुठे होती?

मग तो दिवस आला. सकाळी अकराच्या सुमाराला आई न्हाणीत घसरून पडली. पायावर उभे राहता येईना. सरपटत ती दारापर्यंत आली आणि गुडघ्याइतक्या उंचीवरचे ते गावठी बटण तिने दाबले. भोंगा किंचाळला. चोख काम केले त्याने. आणि ते ऐकून अख्खी गल्ली आमच्या घरापासून लांब, शेताकडे पळाली.

आईला हाका ऐकू येत होत्या. "आत्याबाई, आली का?" ती कण्हत म्हणत होती, "अरे, पडलेय मी." भोंग्यापुढे तिचा आवाज कुणाच्या कानावर जाणार?

पाऊण तासाने शेजारची बाई दार ढकलून आत आली. तिचा कांदा पाण्याला आला होता. ती बांधावर जाऊन बसली, पाईपातून थेंब नाही. तशीच तणतणत परत आली. दुपारी मी दवाखान्यात पोचलो तेव्हा तिनेच मला सगळे सांगितले. "मी तर भांडायलाच आलते सर. म्हनलं, आत्याबाई, लाईट न्हाई काय न्हाई, तुमचा भोंगा खोटं कावून बोलतोय? बघते तर ह्या दारात पडलेल्या."

आईच्या घोट्याचे हाड मोडले होते. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणले. मी दवाखान्याच्या जिन्यात जाऊन रडलो. मला माझी लाज वाटली. पाचची एसटी पकडण्यासाठी मी जो "बरं" म्हणालो होतो तो आईच्या अंगावर आला होता.

प्लास्टर निघेपर्यंत आई बीडला राहिली आणि रोज गावाला जायचे म्हणत राहिली. तिला परत नेले तेव्हा दोन दिवसांची रजा काढून मी सगळे नव्याने केले. पुन्हा पांढरी केबल आणली. वेगळा पाईप, वेगळी भिंत, मोटारीच्या वायरीपासून चांगले दोन हात लांब. मिस्तरी हाताची घडी घालून बघत उभा होता, जेवायला बोलावलेल्या पाहुण्यानेच स्वयंपाक करायला घ्यावा तसा नाराज. बटण मात्र मी वर घ्यायला लागलो तशी आई म्हणाली, "पडल्यावर मानूस उबं असतंय का?" पुस्तिका छापणाऱ्यांना हे सुचले नव्हते, मलाही नाही. बटण खालीच राहिले. थ्री फेज आली, मोटार सुरू झाली, भोंगा गप्प. मला इतका आनंद झाला की मी मिस्तरीला मिठीच मारली. भिंतीपलीकडून कुणी काही विचारले नाही. त्याकडे माझे लक्षच गेले नाही.

महिन्याभराने एका रविवारी क्लास रद्द करून मी न कळवता गावी गेलो. दुपारी एसटीतून उतरलो आणि भोंगा ऐकू आला. आता तो चुकून वाजणार नाही, हे जगात फक्त मला माहीत होते. पिशवी टाकून मी पळालो. समोरून माणसे शेताकडे निघालेली. माझ्या पायातली एक चप्पल वाटेत राहिली. आई, आई म्हणत मी दार ढकलले.

आई न्हाणीच्या दाराशी पाटावर बसली होती. नजर समोरच्या स्टार्टरवर, जिथे थ्री फेजचा दिवा लागला होता. बोट लाल बटणावर.

"आत्याबाई, आली का?" भिंतीपलीकडून हाक आली.

"आली, आली!" आई ओरडली आणि मग माझ्याकडे वळली. "तू कवा आलास?"

दम खात मी खाली बसलो. म्हणालो, "हे काय चालवलंयस? मी नीट करून दिलं होतं ना?"

"नीट झालं आन् समदे गप झाले. दिसभर कुनी हाक मारंना. मग म्हनलं, आपणच वाजवावं."

"आणि खरंच पडलीस तर? कुणाला कळणार?"

"लाईट नसताना दाबीन," ती म्हणाली. तिने याचाही विचार करून ठेवला होता. "लाईट नसली की समदे भांडायला येतेत. भांडायला का व्हईना, येतेत की."

तिने भिंतीला धरून उठायचा प्रयत्न केला, मी हात दिला. चुलीकडे जाता जाता तिने सहज विचारले, "भाकरी टाकू का नुसता चहा? पाचची यष्टी आसंल न्हवं तुला?"