खडूकाका आणि मागच्या बाकांवरची माणसं

खडूकाकांच्या शर्टाच्या खिशात पेन कधी नसे, खडू असे. शाळेत असतो तसला साधा पांढरा खडू, झिजून बोटाच्या पेराएवढा झालेला. उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये टायरचं दुकान चालवणाऱ्या माणसाला खडू कशाला लागतो, हे ज्याने कधी जीपला मोठे टायर घालायचा हट्ट धरला नाही त्याला कळायचं नाही. ज्यांनी धरला त्यांना हा माणूस चांगलाच आठवत असणार. मला तो जास्तच आठवतो, आणि त्याला कारण आहे. ते कारण मी बरीच वर्षं पोटात ठेवून होतो.

जीपला कंपनीच्या मापापेक्षा मोठा टायर हवा असला की काका आधी हो म्हणत नसत आणि नाहीही म्हणत नसत. मागच्या दोन्ही चाकांवर मोठे टायर चढवायचे, टायरच्या खांद्यावर, म्हणजे वरच्या कडेवर, गोल फिरवून खडू घासायचा, आणि मग समोरच्या चहाच्या टपरीकडे तोंड करून हाक मारायची, "चला, पाच-सहा जण या. बसा पाठी!" टपरीवरची माणसं हातातले ग्लास घेऊनच जीपच्या मागच्या बाकांवर बसत. मग गाडी दुकानासमोरच्या उंच गटारीच्या लादीवरून दोनदा आपटत न्यायची. गाडी थांबली की काका गुडघ्यावर बसून मडगार्डच्या आत बॅटरी मारत. आत कुठे पांढरं उमटलेलं दिसलं की संपलं. "लागतंय," एवढंच म्हणून ते टायर उतरवायला घेत. पुढच्या चाकांचीही अशीच परीक्षा, फक्त तिथे स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून.

आकड्यांच्या बाबतीत ते शिक्षकाच्या वरताण होते. माझ्या जीपचं मूळ माप दोनशे पस्तीस, सत्तर, सोळा. मला वाटायचं, मधला सत्तर म्हणजे सत्तर मिलिमीटर. काकांनी तेव्हा माझ्याकडे असं पाहिलं की मी सातवीत नापास झाल्यासारखा उभा राहिलो. "तो टक्का आहे, म्हात्रेसाहेब. रुंदी दोनशे पस्तीस, तिचे सत्तर टक्के म्हणजे टायरच्या भिंतीची उंची. सोळा म्हणजे रिमचे इंच. रुंदी वाढवली की उंची आपोआप वाढते. इथेच सगळे फसतात. मग बोलतात, काका, थोडंसंच मोठं घेतलं होतं." हे सगळं ते दुकानाच्या काळ्या शटरवर खडूने लिहून दाखवत. ओल्या फडक्याने पुसलेल्या जुन्या गणितांचे पांढुरके ओघळ त्या शटरवर कायम दिसत.

आकड्यांनंतर प्रश्न येत, आणि ते प्रश्न टायरवाल्याचे वाटत नसत. घरात म्हातारं कोण आहे? एवढ्या उंच गाडीत आई चढेल का? स्टेपनीपण त्याच मापाची घेणार ना, की चार मोठे आणि पाचवा लहान? मीटर साठ दाखवेल तेव्हा गाडी पासष्टने पळत असेल, हे ध्यानात राहील? शेवटी ठरलेलं वाक्य, "गाडी बघून टायर घे, आरशात बघून नको." शेजारचा सीटकव्हरवाला सिंधी दुकानदार कपाळाला हात लावून ओरडायचा, "अरे साईं, ग्राहक आया है, इंटरव्ह्यू देने नहीं आया!" काका हसायचे आणि इंटरव्ह्यू चालूच ठेवायचे. अंबरनाथच्या आनंदनगरमधल्या रबराच्या कारखान्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. तिथे टायरचं रबर शिजताना पाहिलेलं असल्यामुळे त्यांना त्याच्याबद्दल माया होती आणि भीतीही होती.

मी बदलापूर गावातला. शेतीचा एक तुकडा इमारतींखाली गेला आणि दारात सेकंडहँड जीप आली. डोंगराखालच्या उरलेल्या शेतावर जायला ती लागतच होती, पण खरं सांगायचं तर मला ती मिरवायला हवी होती. माझा मोठा चुलतभाऊ बाळूदादा, त्याच्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं होतं. आमच्याकडे लग्न म्हणजे अख्खी आळी रस्त्यावर. त्या सगळ्यात माझी जीप उंच, रुंद टायरांवर डौलात उभी राहिलेली मला डोळ्यांसमोर दिसत होती. मी माप ठरवूनच गेलो. दोनशे पासष्ट, पंचाहत्तर, सोळा.

आता गोष्ट अशी की महिन्याभरापूर्वी माझ्या कामावरच्या एका मित्राची अगदी अशीच जीप, हेच माप, काकांनी नाकारताना मी पाहिली होती. रिकाम्या गाडीत टायर कुठेच लागत नव्हते. सहा माणसं मागे बसल्यावर मडगार्डच्या आतल्या पत्र्याच्या दुमडलेल्या कडेवर पांढरी रेघ उमटली होती. म्हणजे माझ्या जीपचा निकाल मला आधीच ठाऊक होता. काकांनी मागची चाकं चढवली, खडू घासला आणि टपरीकडे वळले. मी म्हटलं, "काका, कशाला उगाच लोकांना त्रास? माझ्या गाडीत पाठी कोण बसतच नाय. मी आणि बायको, दोघंच फिरतो. पाठची बाकं तर मी काढूनच टाकणार आहे."

ते थांबले. "नक्की?"

"आईशप्पथ," मी म्हटलं.

काकांनी रिकामी जीप लादीवरून दोनदा नेली, बॅटरी मारली. पांढरं कुठेच नव्हतं. तरी त्यांनी त्याच्या खालचं एक माप सुचवलं, दोनशे पंचेचाळीसचं. मी ऐकलं नाही. त्यांनी टायर बसवले, हवा भरली आणि नेहमीसारखं बोनेटवर थोपटून म्हणाले, "दोघंच असाल तर चालेल."

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी मांडवासाठी डहाळे आणायला आम्ही डोंगराखालच्या शेतावर गेलो. जाताना सहा होतो, येताना वाटेतले तिघं चढले. नऊ माणसं, वर आंब्याचे आणि उंबराचे डहाळे. बाकं अर्थातच जागच्या जागी होती. जागा नव्हती म्हणून बाळूदादा मागच्या फळीवर एक पाय टेकवून उभा होता. उतारावर प्रत्येक खड्ड्यात मागून खर्र असा आवाज येत होता. मला तो ऐकू येत होता, तो कसला आहे हेही कळत होतं. गावात पोचू आणि मग बघू, असं मी मनाशी म्हटलं. वळणावर मागचा डावा टायर फुटला, उंच झालेली जीप कलली आणि त्या कुशीवर झोपली. आठ जणांना खरचटलं. बाळूदादाचा पाय खाली आला होता. तो गुडघ्याखाली काढावा लागला.

काका दवाखान्यात यायच्या आधी जीप बघायला गेले होते. आडव्या पडलेल्या गाडीच्या मडगार्डमध्ये हात घालून त्यांनी ती पत्र्याची कड चाचपली. तिच्यावर रबराची काळी साल चढली होती. दवाखान्याच्या व्हरांड्यात ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले तेव्हा त्यांच्या बोटांना ते काळं लागलेलं होतं. मला वाटलं, आता हे विचारणार, दोघंच म्हणाला होतास ना? तयारी म्हणून मी रडायलाही लागलो होतो.

"वजनात लागत होतं," काका म्हणाले. "मी माणसं बसवली नाहीत. तीस वर्षांत एकदाच बसवली नाहीत. माझी चूक झाली, म्हात्रे."

मला लाज वाटायला हवी होती. वाटली ती सुटका. घरच्यांसमोर, आळीसमोर, बाळूदादाच्या आईसमोर उभं राहायला मला एक आडोसा मिळाला होता. टायरवाल्याने नीट तपासलं नाही, असं लोक म्हणू लागले आणि मी ते म्हणू दिलं.

त्यानंतर काका दर रविवारी बदलापूर गावात यायचे. बाळूदादाला कृत्रिम पाय बसला तेव्हा त्याची उंची, त्याचा खोबणीतला घट्टपणा ते स्वतः बघायला गेले, आणि पाय बसवणाऱ्या माणसालाही दोन-चार प्रश्न विचारून त्यांनी भंडावून सोडलं. बाळूदादाला त्यांचा लळा लागला. तो एकदा म्हणाला, "काका, तुमचा काय दोस? नशिबान होता ता झाला." काका म्हणाले, "नशीब मडगार्डमध्ये नसतं, बाळू. तिथे पत्रा असतो." मी शेजारी चहाचा कप धरून बसलो होतो. माझं वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. मग बाळूदादाने भजी मागवली आणि ते वाक्य परत खाली गेलं.

काकांनी मोठ्या मापाचे टायर बसवणं बंद केलं. पुढे दुकानात नुसते मूळ मापाचे टायर आणि पंक्चर. खडू खिशात तसाच राहिला. मी मधूनमधून जायचो, का जायचो ते मलाही सांगता यायचं नाही. एकदा मी तिथे असताना अंबरनाथचा एक तरुण नवी कोरी जीप घेऊन आला आणि हट्टाला पेटला. "अंकल, बाकी सब लोग डाल रहे हैं. तुम्हीच का नाय बोलता?"

काकांनी त्याला स्टुलावर बसवलं. "माझ्या हातून एक गाडी उलटलीय. एका माणसाचा पाय गेलाय. मी वजन टाकून बघितलं नाही. आळस केला. विचार याला, हाच चालवत होता."

तो मुलगा माझ्याकडे बघायला लागला. काका माझ्याकडे बघत नव्हते, ते पंक्चरची पट्टी कापत होते. मी मान हलवली. हो, असंच झालं, अशा अर्थाची. त्या मुलाने मूळ मापाचे टायर घेतले आणि तो गेला. त्या दिवशी मी दुकानापासून स्टेशनपर्यंत चालत आलो आणि वाटेत दोनदा थांबलो. एका माणसाने दुसऱ्याचं खोटं आपला आळस म्हणून वर्षानुवर्षं सांगत राहावं, आणि त्या दुसऱ्याने त्याला साक्षीदार म्हणून मान हलवावी. यापेक्षा हलकं काम माझ्या हातून झालेलं नाही.

मी आता साधी छोटी गाडी चालवतो. मागे कुणी बसलं की माझे कान मागे लागतात. गतिरोधकावरून चाक खाली आलं की मी तो खर्र आवाज ऐकतो, तो होत नसतानाही ऐकतो. बायको विचारते, काय झालं? मी म्हणतो, काही नाही. पार्किंगमध्ये उंच टायरांची जीप दिसली की मी वाकून तिच्या मडगार्डमध्ये बघतो, आणि वॉचमन माझ्याकडे चोर असल्यासारखा बघतो. तो तरी काय चुकीचं बघतो म्हणा.

काका गेले ते अचानक, दुकानातच, दुपारचं जेवण करून खुर्चीवर टेकले असताना. सातव्या दिवशी त्यांच्या वस्तीतल्या विहाराच्या हॉलमध्ये पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. काकांच्या फोटोपुढे मेणबत्त्या, पांढऱ्या कपड्यांतली माणसं, पुढच्या रांगेत काकू. बाळूदादा माझ्या शेजारी पाय लांब करून बसला होता. सुरुवातीला सगळ्यांनी हात जोडून पंचशील म्हटलं. मीही ओठ हलवत होतो. खोटं न बोलण्याचं शील आलं तेव्हा माझे ओठ थांबले.

मग लोक उठून आठवणी सांगू लागले. सिंधी दुकानदार रडत रडत बोलला. रबराच्या कारखान्यातला जुना सोबती बोलला. सूत्रसंचालन करणारे गृहस्थ म्हणाले, "काकांच्या हातून आयुष्यात एकच चूक झाली, आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. त्या गाडीचे मालक इथे आहेत. त्यांनी दोन शब्द बोलावेत."

मी माइकपर्यंत गेलो. मोठे शब्द पाठ करून आलो होतो, ते आठवेनात. मी म्हटलं, "काकांनी माणसं बोलावली होती. मीच नको म्हटलं. पाठी कोण बसत नाय, बाकं काढणार आहे, असं मी शपथ घेऊन सांगितलं. टायर लागतो हे मला माहीत होतं. काकांची चूक झाली नव्हती. मी खोटं बोललो होतो."

बाळूदादा खाली बघत होता. त्याने आपला पाय हळूच जवळ ओढून घेतला. शिव्या येतील, कुणी अंगावर येईल, असं मला वाटलं होतं. आलं असतं तर बरं झालं असतं.

काकू उठल्या. दोन्ही हातांनी पदर सावरत माझ्यापर्यंत आल्या. चिडल्या नव्हत्या. एखादी गोष्ट खरंच कळत नसावी तशा चेहऱ्याने त्यांनी मला विचारलं.

"हे त्यांना का नाही सांगितलंस, भाऊ? गेल्या आठवड्यापर्यंत होते ना ते. रोज दुकानातच तर बसायचे."